ही गोळी तुम्हाला नाही

सकाळी साडेसहा

मे महिन्यात अकोल्यात ओपीडी आठलाच सुरू करावी लागते. अकरानंतर बाहेरगावचा पेशंट एसटीतून उतरून रिक्षा शोधेपर्यंत अर्धा होतो, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. म्हणून वॉर्डातली फेरी साडेसहाला.

मी युरोलॉजिस्ट. मुतखडा आणि प्रोस्टेट हे रोजचं काम. त्यांच्या जोडीला आणखी एक तक्रार असते, ती लोक अगदी शेवटी, उठून दाराशी गेल्यावर सांगतात: लघवीची घाई. लागली की धरवत नाही, दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं, रात्रीची झोप मोडते, कधी बाथरूमच्या दारातच कपडे ओले होतात. आम्ही याला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतो. यावर गोळ्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. लग्नाकार्याला जाणं सोडलेली माणसं त्यांच्या जोरावर पुन्हा बाहेर पडलेली मी पाहतो. आज मात्र मला लिहायचं आहे ते ज्यांना ही गोळी द्यायची नसते त्यांच्याविषयी. कारण वॉर्डातल्या तीन नंबरच्या खोलीत त्यांच्यातलेच एक आजोबा आहेत.

बार्शीटाकळीकडचे. काल रात्री आणलं तेव्हा ओटीपोट फुगून टणक झालेलं, आजोबा ना बसू शकत ना झोपू शकत. "घाई होत होती म्हणून दुकानातून गोयी आणली जी. दोन दिवस बरं वाटलं. मंग थेंब नाही." नळी घातल्यावर पिशवीत नऊशे मिलिलिटर लघवी आली. एरवी साडेतीनशे-चारशेला माणूस जागचा उठतो.

आजोबांची प्रोस्टेट वाढलेली. वाट अरुंद झाली की मूत्राशयाला जोर लावावा लागतो. जोर लावून लावून त्याचा स्नायू जाड आणि चिडका होतो, थोडी लघवी साठली तरी आवळू लागतो. वरून दिसते ती घाई, खाली असतो अडथळा. दुकानदाराने घाई ऐकली आणि स्नायू ढिला करणारी गोळी दिली. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असं स्ट्रिपवरच छापलेलं असतं. अडथळा होता तिथेच राहिला, जोर तेवढा गेला.

प्रोस्टेटच्या माणसाला ही गोळी कधीच देत नाहीत असं मात्र नाही. लघवी नीट रिकामी होत असेल, प्रोस्टेटची गोळी चालू असेल आणि तरीही घाई उरत असेल, तर आम्ही जपून देतो. मोजल्याशिवाय देत नाही, एवढंच.

सकाळी आठ

घाईचा पेशंट माझ्याआधी सिस्टरकडे जातो. या बाबतीत सिस्टर माझ्यापेक्षा कडक आहेत. आधी मशीनवर लघवी करायची, म्हणजे धार किती जोराची आणि किती वेळ याचा आलेख निघतो. लगेच सोनोग्राफी करून आत किती उरली ते पाहायचं. सोबत साधी लघवीची तपासणी आणि साखर. उरलेली लघवी दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या वर असेल तर ढिली करणारी गोळी मी सुरू करत नाही. कमी असेल तर पुढचे प्रश्न विचारायला बसतो. यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि बाहेरचे पेशंट कुरकुरतात. कुरकुरू देत.

पुढचे प्रश्न कुठून येतात ते थोडं सांगायला हवं. मूत्राशयाच्या स्नायूला आवळायचा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन पोचवतं. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनॅसिन, डॅरिफेनॅसिन, ट्रॉस्पियम या सगळ्या गोळ्या तो निरोप अडवतात. पण गोळी पोस्टमनसारखी एकाच दारावर थांबत नाही. ॲसिटिलकोलीनचे निरोप लाळेच्या ग्रंथींना जातात, आतड्यांना जातात, डोळ्याच्या बाहुलीला जातात, घामाच्या ग्रंथींना जातात, आणि मेंदूत तर आठवण धरून ठेवण्याच्या कामातही हेच रसायन लागतं. गोळी थोड्याफार प्रमाणात या सगळ्या ठिकाणी जाते. त्यामुळे धोक्यांची यादी पाठ करायची गरज पडत नाही. पेशंटच्या अंगातली यांपैकी कोणती जागा आधीच कमकुवत आहे, तेवढं शोधायचं.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस नावाचा एक विरळा आजार आहे, त्यात पापण्या मिटत जातात, गिळता येत नाही. तिथे स्नायूंपर्यंत निरोप पोचणंच आधी अशक्त झालेलं असतं. अशा रुग्णाला आम्ही या गोळ्यांपासून लांबच ठेवतो.

सव्वानऊ

पातूरच्या एक मावशी. उरलेली लघवी वीस मिलिलिटर, तपासणी स्वच्छ, साखर नाही. गोळीला अगदी योग्य दिसतात. मी विचारलं, डोळ्याचं काही?

"काचबिंदू हाय म्हणत होते मांगच्या साली. थेंब देले होते, मंग मी सोडले."

पेन खाली ठेवलं. मावशींना ते आवडलं नाही. "शेजारच्या बाईले त्याच गोयीनं आराम पडला. मले काहून नाही देत?"

काचबिंदूचे मुख्य प्रकार दोन. एकात डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होण्याचा कोन उघडा असतो, निचरा नुसता मंद असतो. थेंब नीट चालू असतील तर या प्रकारात आमची गोळी सहसा चालते. दुसऱ्यात तो कोनच अरुंद असतो. गोळीने बाहुली मोठी झाली की भोवतीचा रंगीत पडदा गोळा होऊन कोनावर येतो आणि निचरा बंद पडतो. काही तासांत डोळ्यातला दाब इतका चढतो की नजर कायमची जाऊ शकते. डोळा लाल होतो, ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. उलट्या आणि डोकेदुखी एवढंच ऐकून अशा बाईला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवल्याचीही उदाहरणं आहेत.

त्रास असा, की अरुंद कोन असलेल्या बऱ्याच जणांना तो आहे हे माहीतच नसतं. आशियाई वंशाच्या, वय वाढलेल्या बायकांत तो जास्त आढळतो. ज्यांना पहिल्यापासून लांबचं पाहायला प्लसचा चष्मा लागतो, त्यांच्यातही. म्हणून 'काचबिंदू आहे का' एवढं विचारून भागत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर उलट जीव थोडा खाली पडतो, कारण जुनी जाडजूड झालेली लेन्स काढली की कोन बहुधा मोकळा होतो.

मावशींना चिठ्ठी दिली ती डोळ्याच्या डॉक्टरांच्या नावाने. कोन तपासा. गरज असेल तर लेझरने पडद्याला बारीक छिद्र पाडा, मग आम्ही गोळीचं बघू. त्या पुटपुटत गेल्या. लघवीला आले आणि डोळ्याला पाठवलं म्हणून रागावणाऱ्यांची मला सवय आहे.

दहा

एक निवृत्त एसटी कंडक्टर. सगळी नोकरी लघवी धरून काढलेली, आता ती धरवत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलंय की नवी गोळी आली आहे, तिचा काही म्हणता काही त्रास नाही.

ही नवी गोळी म्हणजे मिराबेग्रॉन. फार नवी म्हणता येणार नाही: जपानमध्ये २०११ साली आणि अमेरिकेत २०१२ साली तिला मंजुरी मिळाली. ती ॲसिटिलकोलीनच्या वाटेला जात नाही. लघवी साठताना मूत्राशय ज्या निरोपाने सैल राहतं, त्या बीटा-३ निरोपाची ती बाजू घेते. त्यामुळे तोंड फारसं कोरडं पडत नाही, डोकं गुंगत नाही, बद्धकोष्ठही सहसा होत नाही. वयस्कर माणसांसाठी मी हिलाच पहिली पसंती देतो. पण हिचंही एक दार आहे, ते रक्तदाबाचं. वरचा आकडा १८० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ११० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी देऊ नये, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये दिला. रक्तदाब फार चढून मेंदूचे आणि हृदयाचे विकार झाल्याच्या नोंदी त्यामागे होत्या.

सिस्टरने काकांचं बीपी घेतलं: १९० वर ११२. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, फरक नाही.

"बीपीची गोळी घेता ना?"

"सोडली ना साहेब. त्या गोळीनं लघवी जास्त होते."

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. लघवीला कंटाळून काकांनी ती बंद केली, बीपी चढलं, आणि चढलेल्या बीपीवर आता ते माझ्याकडे अशी गोळी मागत होते जी ते आणखी चढवू शकते. फिजिशियनना तिथल्या तिथे फोन केला. त्यांची गोळी बदलून सकाळी घ्यायची ठरली. काकांना सांगितलं, बीपी काबूत आलं की या, मग कमी डोसपासून सुरू करू आणि अधूनमधून बीपी बघत राहू. हृदयासाठी मेटोप्रोलॉल चालू असणाऱ्यांच्या बाबतीत तर आणखी एक तपास लागतो. यकृतातलं जे विकर मेटोप्रोलॉल मोडतं त्याला मिराबेग्रॉन अडवतं, त्यामुळे रक्तात मेटोप्रोलॉल वाढतं. डिगॉक्सिनचंही तसंच, वाट वेगळी इतकंच.

साडेदहा

मधुमेहाचे पेशंट लागोपाठ दोन. पहिल्या बाईंना घाई सुरू झाली ती डापाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यापासून. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर ही गोळी आपल्याकडे बरीच स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणं हेच तिचं काम, मग लघवी वाढणारच. हृदय आणि किडनी दोन्हींना ती उपकारक आहे, म्हणून मनाने बंद करू नका आणि त्यावर दुसरी गोळीही चढवू नका, असं सांगून त्यांच्या डॉक्टरांना दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या गृहस्थांची साखर वीस वर्षांची जुनी. घाई आहे, कपडे ओले होतात, पण आत उरते तीनशे वीस. मूत्राशयाच्या नसाच मंदावल्या आहेत, भरून वाहतं आहे. जेवल्यावर पोट तासन्‌तास जड राहतं, असंही म्हणाले, म्हणजे जठरही मंदावलेलं. ज्याचं पोटच नीट रिकामं होत नाही, त्याला मूत्राशय ढिलं करणारी गोळी वर्ज्य. यांना गोळी नाही, स्वच्छ नळी स्वतः घालून दिवसातून ठरावीक वेळा रिकामी करायला शिकायचं. चेहरा पडला त्यांचा. शिकतील. सगळेच शिकतात.

साडेअकरा

हा पेशंट सकाळचा सगळ्यात लांबला, आणि इथे मला घाई करायची नसते.

मूर्तिजापूरहून मुलगा आईला घेऊन आला. बँकेत आहे, रजा काढून आलेला. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. आई माझ्याकडे बघून हसल्या आणि विचारलं, "तुम्ही कोणाचे?" आमच्या भागात कुणी नवखा भेटला की हाच पहिला प्रश्न. मी वडिलांचं नाव सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही कोणाचे?"

विसरण्याचा आजार दोन वर्षांपूर्वी कळला. त्यासाठी डोनेपेझिल सुरू झालं. काही महिन्यांनी लघवी धरवेना. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं, तिथे ऑक्सिब्युटिनिन मिळालं. पलंग ओला होणं कमी झालं, पण गेल्या महिन्यापासून आई संध्याकाळी भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणतात, सुनेला ओळखत नाहीत, रात्री उठून दार उघडायला जातात. मुलाला वाटलं, आजार वाढला.

मी म्हटलं, सगळ्या गोळ्या दाखवा. त्याने प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. डोनेपेझिल. ऑक्सिब्युटिनिन. पायांच्या आगीसाठी ॲमिट्रिप्टिलीन. सर्दीची एक गोळी, क्लोरफेनिरामीनवाली, 'लागेल तशी' घेतात. पोटदुखीसाठी डायसायक्लोमीन. पाच स्ट्रिपा, आणि डोनेपेझिल सोडून बाकी चारही त्याच एका निरोपाला अडवणाऱ्या. एकटी प्रत्येक गोळी साधी वाटते. एकत्र मिळून त्या म्हाताऱ्या मेंदूला झोपवतात.

त्यात डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन यांची जोडी तर अजबच. डोनेपेझिल मेंदूत ॲसिटिलकोलीन वाढवतं, आठवणीला थोडा आधार मिळावा म्हणून. ते मूत्राशयातही वाढतं, म्हणून काहींना लघवीची घाई सुरू होते. ती घाई आजाराची समजून वर ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, ते मेंदूत शिरतं आणि डोनेपेझिलने उभं केलेलं पाडतं. डाव्या हाताने द्यायचं आणि उजव्याने काढून घ्यायचं, आणि दोन्हींचं बिल मुलाने भरायचं. हे केवळ आमच्या गावातलं नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदींवरून २००५ मध्ये हीच साखळी दाखवून दिलेली आहे: डोनेपेझिलसारखी औषधं घेणाऱ्यांना पुढे लघवीची गोळी मिळण्याचं प्रमाण जास्त.

विसराळूपणा नसलेल्यांचं काय, असा प्रश्न लोक विचारतात, आणि तो रास्त आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ५८,७६९ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या औषधांच्या नोंदी तपासून, तो आजार नसलेल्या सव्वादोन लाख लोकांशी ताडून पाहिल्या. लघवीच्या या जुन्या जातीच्या गोळ्या सर्वात जास्त, म्हणजे तीन वर्षांहून अधिक रोजच्या डोसइतक्या घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.६५ पट निघालं. यावरून गोळीनेच आजार झाला असं सिद्ध होत नाही. आजाराच्या अगदी सुरुवातीलाच लघवीची तक्रार येत असेल, असंही असू शकतं. पण अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने २०२४ च्या मार्गदर्शिकेत ही शक्यता रुग्णाशी बोलायलाच हवी असं म्हटलं आहे, आणि अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची बीअर्स यादी तर स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला या जातीची औषधं टाळा असंच सांगते. मी ते पाळतो.

मुलगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, बरोबर आहे तुमचं. पण मग आईनं पलंग ओला करत राहायचा का?"

गोळी नाकारणारा डॉक्टर इथे उठून जाऊ शकत नाही. पलंग धुणं घरातल्या कुणाच्या तरी हातावर पडतं, बहुतेक सुनेच्या. त्यामुळे गोळीचा हट्ट धरणाऱ्याला मी सहसा नावं ठेवत नाही. मी कागद घेतला. ऑक्सिब्युटिनिन बंद. सर्दीची गोळी घरातून बाहेर. ॲमिट्रिप्टिलीन आणि डायसायक्लोमीनचं फिजिशियनशी बोलून ठरवायचं, डोनेपेझिलबद्दल मेंदूच्या डॉक्टरांशी. आईला लागो न लागो, दर दोन तासांनी बाथरूमला न्यायचं. त्या विसरतात, घड्याळ विसरत नाही. रात्री पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि मंद दिवा. संध्याकाळचा दुसरा चहा बंद. पोट साफ राहील असं बघायचं, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि अर्धी घाई तिथूनच असते. दोन आठवड्यांनी बीपी ठीक असेल तर मिराबेग्रॉन २५ मिलिग्रॅम. पॅड वापरायला लाज नको.

आई निघताना म्हणाल्या, "बरं आहे जी, येते." मग थबकल्या आणि विचारलं, "तुम्ही कोणाचे?"

दुपारी दीड

बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, कूलर नुसता आवाज करतो आहे. डबा खाताना एक पेशंट डोक्यात राहिली आहे. बाळापूरकडची चाळिशीतली बाई, वीटभट्टीवर काम करते. घाई खरी आहे, लघवी स्वच्छ, काही उरत नाही, डोळे ठीक, बीपी ठीक. पुस्तकाप्रमाणे गोळी द्यायला कसलाही अडसर नाही. तरी मी दिली नाही.

घामाच्या ग्रंथीही ॲसिटिलकोलीनवरच चालतात. गोळीने घाम कमी येतो, आणि अंग थंड ठेवायला घाम हेच साधन. ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. थंड देशात ती वाचून सोडून देता येत असेल. विदर्भात मे महिन्यात भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत ती मी पहिल्या ओळीत वाचतो. शिवाय ती दिवसभर पाणीच पीत नाही, कारण भट्टीवर जायला आडोसा नाही. पाणी कमी, म्हणून लघवी घट्ट, ती मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते. तिला गोळीआधी आडोसा हवा, तो मी लिहून देऊ शकत नाही. पाणी थोडं थोडं पिणं, घाई आली की लगेच न धावता खालचे स्नायू आवळून ती लाट ओसरू देणं, हळूहळू मधला वेळ वाढवणं, इतकं शिकवलं. पाऊस लागला की पुन्हा बघू. उन्हात काम न करणाऱ्याला याच दिवसांत मी गोळी देतो, हेही खरं.

या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. आमच्याकडे कोरड्या तोंडाला लोकांचा पहिला उपाय म्हणजे तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यावर मी काय बोलणार.

तीन

ऑपरेशन थिएटर. दोन मुतखडे, एक प्रोस्टेट, आणि एक दुर्बिणीची तपासणी, जिच्यासाठी मी ही नोंद करतो आहे. बत्तीस वर्षांची बाई, कित्येक महिने घाईच्या गोळ्या घेते आहे, फरक नाही. लघवीत पू पेशी सारख्या येतात, पण साध्या कल्चरमध्ये जंतू काही उगवत नाही. आत पाहिलं तर मूत्राशय लहानसं, लालसर, ताणत नाही. तुकडे काढून पाठवले, लघवीही क्षयाच्या तपासणीला पाठवली. भारतात अशा गोष्टीमागे क्षयरोग असू शकतो हे विसरून चालत नाही. मूत्राशयाचा क्षय असेल तर दिवस जातील तसं ते आकसत जातं, शेवटी इतकं की ऑपरेशनने मोठं करावं लागतं. इथे गोळी थेट विषासारखी बाधत नाही. ती निदानाचे महिने खाते, आणि तेच महागात पडतं. लघवीतून रक्त जाणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसालाही घाईची गोळी देऊन बसवून ठेवू नये. तिथे आधी दुर्बीण.

संध्याकाळी सहा

एक तरुण, सॉलिफेनॅसिन १० मिलिग्रॅमवर नीट चाललेला, आठवड्यापासून तोंड लाकूड झालंय, दिसायला धूसर, संडास होत नाही. काय बदललं? काही नाही म्हणतो. मग आठवतं: गजकर्णासाठी कातडीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. इट्राकोनॅझोल. उन्हाळ्यात घामाने गजकर्ण घरोघरी, आणि हे औषध आठवडेच्या आठवडे चालतं. यकृतातलं ज्या विकराने सॉलिफेनॅसिन मोडायचं त्यालाच ते बंद करतं, गोळी अंगात साठत जाते. अशा जोडीत सॉलिफेनॅसिन दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. किडनी फार उतरलेल्यांनाही हीच मर्यादा, यकृत पूर्ण खचलेल्यांना ही गोळी नाहीच. मिराबेग्रॉनचा डोसही खालावलेल्या किडनीत २५ वर थांबवतात. क्रिएटिनीन न बघता लिहिलेल्या चिठ्ठ्या मला आठवड्यात हटकून दिसतात.

साडेसात

कंपनीचे प्रतिनिधी. एक हसरा मुलगा, हातात आकर्षक पत्रक, घाई किती टक्क्यांनी कमी होते याचा रंगीत आलेख. कुणाला द्यायची नाही ते मागच्या बाजूला, चष्मा लावूनही दिसणार नाही अशा अक्षरात. मी त्याला मागची बाजू वाचायला सांगतो. तो वाचतो. चांगला मुलगा आहे.

रात्री नऊ

फोन. तीन नंबरच्या आजोबांची नळी परवा काढून बघायची आहे, मुलगा विचारतो घरी कधी सोडणार. नंतर एक अनोळखी नंबर: "डॉक्टर, आमच्या आईला लघवीची गोळी चालू आहे, ओठ सुजलेत." श्वास? ठीक आहे. तरी लगेच जवळच्या हॉस्पिटलात घेऊन जा, उद्यावर टाकू नका. या गोळ्यांनी क्वचित चेहरा, जीभ, घसा सुजतो आणि ते जिवावर बेतू शकतं. अशीच तातडी करा, अचानक डोळा लाल होऊन ठणकू लागला तर, किंवा सहा-आठ तास लघवी न होता ओटीपोट दुखू लागलं तर.

आणि हे वाचून कुणी आपली चालू गोळी बंद करणार असेल, तर थांबा, आधी डॉक्टरांना फोन करा. ज्यांना ती योग्य आहे त्यांच्यासाठी ती चांगलीच आहे. लघवीच्या घाईसाठी कुणाकडेही जाल तेव्हा घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या: सर्दीची, पोटाची, कातडीची, आयुर्वेदाची, शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा. रिकामी स्ट्रिप चालेल, नाव वाचता आलं पाहिजे. डोळ्याची फाइल असेल तर तीही. आणि डॉक्टरांनी लघवी मोजायला सांगितली तर लाजू नका. कुणी न मोजताच गोळी लिहू लागलं, तर तुम्हीच विचारा, आत किती उरते ते बघायचं का.